कुवार मंडळींची डबा पार्टी

यवतमाळ, २७ जुलै

आई,

लांबूनच पाया पडतो.

तू म्हणशील, रोज फोन होतो तर पत्र कशाला? फोन होतो, पण तो तुझ्याशी होत नाही. आपल्या घरचा फोन सदा स्पीकरवर. मी "कशी आहेस" म्हटलं की भिंतीपलीकडून हंसाबाई सांगतात, "गुडघे दुखून राह्यले तिचे." आज जे सांगायचं आहे ते हंसाबाईंच्या आधी तुला कळावं, म्हणून हा उद्योग. होस्टेलात असताना आठवड्याला एक पत्र लिहायला तूच लावायचीस, आणि तेच पत्र लाल पेनानं तपासून परत पाठवायचीस. हेही तपास, हरकत नाही.

तर बातमी अशी, की पोळ्यानंतरच्या रविवारी, २४ ऑगस्टला, आम्ही इथे एक कार्यक्रम घेतो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि नुजहत. नुजहत तुला माहीत आहे, माझी गाडी बंद पडली की जी तिला चालू करते आणि मला शिव्या देते ती. तिच्या अब्बांच्या, म्हणजे हबीबचाचांच्या गॅरेजवर मोठा हॉल आहे, तिथेच करायचं ठरलं. चाचांना तो मुशायरा वाटतो आहे, आणि आम्ही त्यांना तसं वाटू देतो आहोत. प्रत्येकानं माईकवर येऊन आपल्या मायची एक गोष्ट सांगायची, लोकांना हसवायचं, आणि माय जसा करते तसा एक पदार्थ डब्यात आणायचा. मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. मी तुझी पातोडी करणार आहे, रस्सा कसा जमतो ते देव जाणे.

छापलेलं पत्रक सोबत पाठवतो. आई, त्यात जो शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे ना, तो मी आहे. नीट वाच. हे तोंडानं सांगायला मला फार वर्षं लागली आणि तरी जमलं नाही, म्हणून छापून पाठवतो. तू यावंस असं मला वाटतं. नुसती प्रेक्षक म्हणून नको, मला ओळखून ये.

अंकुर


आर्णी, १ ऑगस्ट

चि. अंकुर,

आशीर्वाद नेहमीचे, वर मूठभर जास्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वेड्या, एवढं सांगायला इतका घाम गाळलास? तू तसा आहेस हे तुझ्या आईला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? एकतीस वर्षं पाहतेच आहे. उलट तू आपणहून विषय कधी काढशील याचीच आम्ही वाट पाहत होतो. मी काढला की तू ताटावरून उठायचास.

बाबा तर हसलेच. म्हणाले, "त्यात लाजाचं काय हाय? माहा काका जलमभर तसाच राह्यला, कोनाचं काय बिघडलं? पोरानं मनावर घेतलं, हे बेस झालं." आणि दुसऱ्या दिवशी घराला रंग द्यायला माणूस बोलावला. नको म्हटलं तर ऐकेनात. म्हणे पाहुणे येतील.

तू एकटाच तसा आहेस असं मुळीच समजू नकोस. आपल्या आर्णीत घरटी एक आहे. शेती करणाऱ्यांची मुलं तर हटकून तशीच. तानाबाईचा तिसरा, आपल्या हरिसिंग गुरुजींचे दोघंही. गुरुजींना पत्रक दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. "बाई, असे कार्यक्रम मोठ्या शहरात होतात, आपल्या लेकरांचा कोणी विचारच करत नाही," म्हणाले.

कल्पना मला फारच आवडली. मुलं आपल्या आईविषयी काय बोलतात यावरून माणूस बरोबर कळतो. पत्रकात एक चूक होती. हल्लीच्या छापखानेवाल्यांना जोडाक्षर म्हणजे काय ते माहीत नाही. ती मी दुरुस्त केली, झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या. हंसाबाईंना कळू द्यायचं नव्हतं तुला, पण आता सगळ्या गल्लीला कळलं आहे आणि सगळे खूश आहेत.

पातोडी करताना बेसन घोटायचा कंटाळा करू नकोस.

तुझी आई


यवतमाळ, ५ ऑगस्ट

आई, माझी आई,

तुझं पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि एका आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी खोकल्याचं औषध देता देता वाचलो. दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मागे जाऊन मनसोक्त रडलो. आनंदानं रडणं म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं, अंगावर पहिल्यांदाच आलं. बाबांनी घराला रंग काढला. माझ्यासाठी. आई, लोकांचे बाप घरातून काढतात.

काकाआजोबांचं तर मला माहीतच नव्हतं. शेवटपर्यंत एकटेच त्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिले, आणि आपण सगळे त्यांना तिरसट म्हणत राहिलो. वाईट वाटलं फार.

नुजहतला पत्र वाचून दाखवलं. ती इंजिन उघडून बसली होती, तशीच उठली. आधी "तुही माय माय नाई, पीर हाय" म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पन एक गोष्ट सांग. तुह्या आर्णीत घरटी एक हाय, अन् मले आजवर एक पोरगी भेटली नाई? काहून?" हरिसिंग गुरुजींचे दोघंही म्हणजे मलाही धक्काच. धाकटा तर माझ्यासोबत कबड्डी खेळायचा, कधी पत्ता लागू दिला नाही.

आता तू एवढी मोकळी झालीस तर उरलेलंही सांगतो. कपिल, ज्याला तू फोनवर "तो रूमवाला" म्हणतेस, तोही तसाच आहे. झरीकडचा आहे, बँकेत आहे, माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो. पुढचं जे काही आहे ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे. रविवारी तुला भेटायला तो नवा शर्ट शिवतो आहे.

तुझा, अगदी तुझाच,
अंकुर


आर्णी, १० ऑगस्ट

चि. अंकुर,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे कपिलला दे.

दोघं मित्रांनी मिळून ठरवलंत हे फार शहाणपणाचं केलंत. एकाच मांडवात दोन लग्नं लावली की मांडव एक, आचारी एक, वाजंत्री एक. बाबांनाही पटलं.

आता ऐक. हंसाबाईनं दोन जीपगाड्या सांगितल्या आहेत. आपल्याकडून बाया, फोटो आणि डबे एवढं येणार. कळंबच्या दोन सख्ख्या बहिणी पाहून ठेवल्या आहेत. थोरली अर्पिता, एम.एस्सी. बी.एड., बोलायला धीट, ती तुझ्यासाठी. धाकटी शांत आहे, कपिलला चालेल असं वाटतं. त्याची उंची आणि रक्तगट कळव. रक्तगट हल्ली विचारतात.

हो, पत्रकाचं सांगायचं राहिलं. त्या छापखानेवाल्याचा कान धर. "कुवार मंडळींची कहाणी-रात्र" असं सरळ मराठीत छापायचं, तर त्यानं "कु"चा "क्वी" केला, "वा"च्या जागी "अ" घुसवला आणि "क्वीअर मंडळी" असं काहीतरी छापून ठेवलं. अर्थ लागेना. मी सगळ्या प्रतींवर लाल पेनानं "कुवार" केलं, तेव्हा लोकांना कळलं की हा बिनलग्नाच्या मुलामुलींचा मेळावा आहे. नाहीतर तुमच्या कार्यक्रमाला कुत्रं आलं नसतं.

हरिसिंग गुरुजी विचारतात, घटस्फोटित चालतील का?

तुझी आई


यवतमाळ, १३ ऑगस्ट

आई,

हसू की रडू कळेना, म्हणून आधी हसलो. नुजहत तर पाना टाकून गॅरेजच्या फरशीवर बसली आणि उठायलाच तयार होईना. कपिल मात्र हसला नाही. तो नवा शर्ट घडी करून ठेवत होता.

आई, छापखानेवाल्याची चूक नाही. तो शब्द कुवार नाही, क्वीअरच आहे. इंग्रजी आहे. आपल्या बोलीत आमच्यासाठी जे शब्द आहेत ते लोक शिवीसारखेच वापरतात, म्हणून हा उसना आणावा लागला. आता तुझ्यासारख्या शिक्षिकेला कळेल असं सरळ लिहितो. मला मुलगी नको आहे. एम.एस्सी. नको आणि बी.एड. पण नको. माझं मन मुलांवर जातं, लहानपणापासून. कपिल माझा मित्र नाही, म्हणजे मित्र आहेच, पण तू बाबांसोबत राहतेस तसा मी त्याच्यासोबत राहतो, चार वर्षं झाली. आम्ही ठरवलं आहे ते एकमेकांबरोबर राहायचं. नुजहतला मुली आवडतात. रविवारी येणारी सगळी मंडळी अशीच, कोणी या तऱ्हेची, कोणी त्या.

गेल्या पंधरा दिवसांत तू जे जे लिहिलंस ते मी दुसऱ्याच अर्थानं वाचलं, आणि आयुष्यात एवढा सुखी कधी नव्हतो. आता ते सगळं परत घ्यायचं असेल तर घे. फक्त एवढं कळव, की पोळ्याला मी घरी यावं की येऊ नये.

अंकुर


आर्णी, १९ ऑगस्ट

चि. अंकुर यास,

तुझं पत्र तिनं वाचलं. मग मी वाचलं. तेव्हापासून ती बोलत नाही, भाकरी मात्र थापते. जाडा शब्दकोश काढून बसली आहे. तुला ये म्हणत नाही आणि येऊ नको असंही म्हणत नाही. मी विचारलं तर मलाच म्हणाली, "तुम्ही बैल धुवा."

मला विचारशील तर मला सगळं समजलं नाही. तुला कोणी त्रास देतं का आणि तू वेळेवर जेवतोस का, एवढं समजलं की मला पुरतं. माझ्या काकाचं मात्र आता पुन्हा डोक्यात आलं आहे.

पोळा यंदा आम्ही दोघंच करू. जीपगाड्या तिनं रद्द केलेल्या नाहीत. का, ते विचारायची माझी छाती नाही. घराचा रंग अर्धा झाला आहे. थांबवू की चालू ठेवू, ते कळव.

बाबा


यवतमाळ, २५ ऑगस्ट

बाबा,

रंग चालू ठेवा.

आईनं घरी येऊन सांगितलंच असेल, पण ती स्वतःचं कधी पुरतं सांगत नाही. तुम्ही जनावरांसाठी मागे राहिलात, म्हणून हे तुमच्यासाठी.

संध्याकाळी हॉल भरला होता. आमची पन्नासेक मंडळी, आणि खाली दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. आर्णीच्या बाया डबे घेऊन जिना चढू लागल्या. मी प्रत्येकीच्या मागे आई पाहत होतो. हंसाबाई म्हणाल्या, "कोकिळाबाई खालीच बसली हाय गाडीत. येतो म्हने." आईनं बायांना काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं म्हणजे तो शब्द समजावून सांगावा लागला असता, आणि तो तिला स्वतःलाच कळत नव्हता. बायांच्या हातात फोटो होते. त्या बसल्याबसल्या कामाला लागल्या. "उंची किती रे तुही?" "नोकरी पक्की हाय का?" आमची पोरं आधी घाबरली, मग त्यांना मजा वाटायला लागली, मग खरोखरच उत्तरं देऊ लागली.

तानाबाईनं नुजहतला धरलं. "पोरी, तुह्यासाठी पाहू का एखादं स्थळ?"

"पाहा ना मावशी," नुजहत म्हणाली, "पन मले पोरगी पायजे. शिकलेली, गाडी चालवनारी."

तानाबाईनं डोळे बारीक केले. मी पातोडीचं पातेलं धरून उभा होतो. तानाबाईनं बराच विचार केला आणि विचारलं, "मंग शेतीची अट नाई ना तुही?"

"नाई."

"मंग सोपं हाय. पोरींच्या मायबापाले पोरगाबी पायजे, वावरबी पायजे, अन् पोरगा वावरात गेलेला नाई पायजे. तीन वर्सं झाले फिरून राह्यली मी माह्या तिसऱ्यासाठी. तुही अट तर कायच नाई."

बाबा, हॉल कोसळायचा बाकी राहिला. त्यानंतर हंसाबाईंनी आजूबाजूला बसलेल्यांना एकेक करून विचारलं, "तूबी तसाच? अन् तू? अन् तू?" सगळं समजून घेतलं आणि हातातले फोटो परत पर्समध्ये ठेवले. "आमच्या पोरींचे फोटो उगाच खराब होतील," एवढंच म्हणाल्या, आणि डबे उघडायला लागल्या. दोघीतिघी मात्र उठून खाली गेल्या आणि जीपमध्ये बसून राहिल्या. त्यांचे डबे वरच राहिले, ते आम्ही खाल्ले.

हबीबचाचा मध्येच वर आले आणि प्रत्येक विनोदाला "वाह वाह, मुकर्रर" म्हणत बसले. कोणी पुन्हा सांगायला तयार झालं नाही तर रागावले.

माझी पाळी आली. मी शाळेची गोष्ट सांगायला घेतली. शाळेत "बाई" म्हणायचं आणि घरी "आई" म्हणायचं, असा आईचा कडक नियम होता. माझी फार गल्लत व्हायची. घरी "बाई, भूक लागली" म्हणायचो आणि एकदा भर वर्गात हात वर करून म्हणालो, "आई, पाणी पिऊन येऊ?" झालं. त्या दिवसापासून अख्खा वर्ग तिला आई म्हणायला लागला. मग तपासणीला साहेब आले. त्यांनी प्रश्न विचारला की पोरं ओरडायची, "आई, मी सांगू? आई, मी?" साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे सगळे तुमचेच?"

लोक हसत होते. मी पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी आई दिसली. माझा आवाजच बंद झाला. आईनं तिथे काय उत्तर दिलं होतं ते मला शंभरदा ऐकून पाठ आहे, पण तोंडातून निघेना.

हॉलच्या मागूनच आईचा आवाज आला, वर्गातला. "मी म्हटलं, साहेब, शाळा सुटेपर्यंत सगळे माझेच."

मग ती सरळ पुढे आली. हातात झाकलेलं ताट होतं. मला म्हणाली, "खाली बस," आणि मी बसलो. माईक तिला लागत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. ती म्हणाली, "शुक्रवारी पिठोरी झाली. आमच्यात त्या दिवशी माय लेकरांसाठी वाण करते, खीरपुरीचं ताट पाठीमागे धरते आणि विचारते, अतीत कोण? अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. लेकरानं मागून 'मी' म्हणायचं आणि ताट घ्यायचं. मायनं वळून पाहायचं नसतं. यंदा मी विचारलं तर मागून याचे बाबाच 'मी' म्हणाले."

बाबा, लोक तुमच्यावर फार हसले.

ती पुढे म्हणाली, "लेकराला येऊ नको म्हणायचं माझ्यानं झालं नाही आणि ये म्हणायचंही झालं नाही. आठ दिवस मी तो शब्द पुस्तकात शोधला. मला सापडला नाही, आणि अजूनही नीट समजला आहे असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मला आज खाली गाडीत बसून सुचली. मायनं वळून पाहायचं नाही, असा नियम काहून केला असेल? कोण आहे, कसा आहे, हे पाहून द्यायचं नसतं म्हणूनच ना?"

एवढं बोलून ती सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. ताट पाठीमागे धरलं आणि विचारलं, "अतीत कोण?"

मी काही म्हणायच्या आत नुजहत म्हणाली, "मी." मग कोपऱ्यातून कपिल, अगदी हळू, "मी." मग अख्खा हॉल. ज्यांच्या आयांनी त्यांना दारात उभं केलं नाही तीही पोरं, साड्या नेसून आलेल्या दोघी, बँकवाले, कॉलेजवाले, सगळे ओरडायला लागले. हबीबचाचांनीही म्हणून घेतलं, खीर कोणाला नको असते.

"एकेक जण बोला," आई तशीच पाठमोरी म्हणाली, "हा वर्ग आहे की बाजार?" मग म्हणाली, "आणि माझा कुठं आहे?"

तेव्हा मी "मी" म्हणालो. ताटातल्या पुऱ्या तेरा जणांना अर्धी अर्धी पुरल्या, बाकीच्यांनी बोटं चाटली. जेवताना ती कपिलच्या शेजारी बसली. त्याच्या पानात पातोडी वाढली. आणि मला म्हणाली, बेसन घोटलं नाहीस.

तुमचा,
अंकुर


आर्णी, ३१ ऑगस्ट

चि. अंकुर व चि. कपिल,

दोघांना आशीर्वाद.

बाबांना आलेलं पत्र मी वाचलं. शुद्धलेखन बरं आहे. रंग पूर्ण झाला, पिवळा झाला आहे, मला आवडलेला नाही.

हंसाबाई गल्लीत सांगत फिरते की असा मेळावा तिनं जन्मात पाहिला नाही. तानाबाईचा तिसरा म्हणतो, पुढच्या वेळी मलाही न्या, लग्न नाही तर नाही, जेवण तरी मिळेल. काही लोक आमच्या घरासमोरून जाताना आवाज खाली करतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी पाढे शिकवले आहेत, त्यामुळे मला काळजी नाही. मला अजून पुष्कळ विचारायचं आहे, पण ते पत्रात विचारता येत नाही आणि फोनवर हंसाबाई आहे. तुम्ही आलात की विचारीन. रात्री मधूनच रडू येतं, ते का येतं ते मलाही कळत नाही. तू त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

बाबांची एक अडचण आहे. दिवाळसण करायचा तर जावई कोण धरायचा? ते म्हणतात मुलगा आपला, म्हणजे तो जावई कपिलच्या घरचा. मी म्हटलं, मग आपला मुलगा तिकडे गेला पाहिजे. त्यावरून कपिलला एक विचार. त्यानं "मी" म्हटलं तेव्हा त्याचा आवाज मला पाठीमागूनही लागला. यंदाच्या पिठोरीला झरीत त्याच्या आईच्या मागं कोण उभं होतं? कोणीच नसेल, तर दिवाळीआधी दोघं तिकडे जाऊन या. फराळाचा डबा मी करून देते. दारात तूही त्याच्या शेजारीच उभा राहा, आणि तिनं विचारलं नाही तरी दोघांनी "मी" म्हणा.

आई